पेपर कुठल्या जर्नलला पाठवायचा? ऑनलाइन जमान्यात मेडिकल जर्नल पारखण्याची रीत

थीसिस विद्यापीठात जमा झाला आणि गाईड म्हणाले, "आता याचा पेपर कर," की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाठवू कुठे? नाशिकमधलं आडगावचं मेडिकल कॉलेज असो, घोटीजवळचं धामणगावचं असो की शहरातलं सरकारी रुग्णालय, रेसिडेंटच्या खोलीत उत्तरही ठरलेलंच मिळतं: सीनियरचा जिथे लागला, तिथे. पंचवीस वर्षांपूर्वी हे उत्तर बऱ्यापैकी चालून जायचं. अंक काढायचा तर कागद, छपाई आणि टपालाचा खर्च होता, वर्गणीदारांशिवाय तो निघत नव्हता. एखादं जर्नल कॉलेजच्या लायब्ररीत रॅकवर दिसतंय म्हणजे कुणीतरी विचार करून, पैसे मोजून ते मागवलं आहे, एवढी खात्री असायची.

आज ओजेएससारखं मोफत सॉफ्टवेअर, एक डोमेन आणि आयएसएसएन नंबर एवढ्या भांडवलावर जर्नल सुरू होतं. पैसा वाचकाच्या खिशातून येण्याऐवजी पुष्कळदा लेखकाच्या खिशातून येतो. जितके पेपर स्वीकारले तितकी कमाई, हे गणित एकदा जमलं की नकार देण्यात संपादकाचंच नुकसान होतं. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने मुद्दाम चुका पेरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस, म्हणजे सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या, जर्नल्सना पाठवला. १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला, ९८ नी नाकारला. जी पारख पूर्वी लायब्ररी करत होती, ती आता लेखकाच्या अंगावर येऊन पडली आहे.

ही पारख अवघड नाही. दोन-तीन संध्याकाळी आणि एक वही पुरते. मात्र एक गोष्ट पक्की धरायला हवी: जर्नल स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःबद्दल जे सांगतं, तो पुरावा नव्हे. प्रत्येक दावा तिऱ्हाइताच्या यादीत जाऊन तपासायचा.

आधी वाचक ठरवा, मग जर्नल

पेपर लिहून झाल्यावर जर्नल शोधणं ही उलटी वाट आहे. शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, प्रस्तावनेत किती समजावून सांगायचं, हे सगळं वाचकावर ठरतं. म्हणून ॲब्स्ट्रॅक्टचा कच्चा मसुदा झाला की थांबा आणि एका वाक्यात लिहा: हा पेपर वाचून कुणी काय वेगळं करावं?

समजा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून येणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेच्या रुग्णांवर अभ्यास आहे. व्हेंटिलेटर कधी लागतो हे त्यात सापडलं असेल, तर वाचक आयसीयूतला डॉक्टर आहे आणि क्रिटिकल केअरचं जर्नल बघायला हवं. रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यातून शहरात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला हे सापडलं असेल, तर तोच विषय कम्युनिटी मेडिसिन किंवा सार्वजनिक आरोग्याच्या जर्नलचा होतो. फवारणी करणाऱ्यांकडे हातमोजे-मास्क होते का, एवढंच विचारलं असेल, तर व्यावसायिक आरोग्याचं. रुग्ण तेच, वॉर्ड तोच, जर्नलं तीन.

यादी बनवायची सोपी रीत तुमच्याच संदर्भसूचीत आहे. पंचवीस-तीस संदर्भ असतील तर कोणती जर्नलं दोनदा किंवा जास्त वेळा आली ते मोजा. ज्यांचं काम तुम्ही वाचलंत, त्यांचे वाचक तुमचेही वाचक असण्याची शक्यता मोठी. मग 'जेन' नावाच्या मोफत साइटवर ॲब्स्ट्रॅक्ट चिकटवा. पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवरच्या मिळत्याजुळत्या पेपरांवरून ती जर्नलं सुचवते. मोठ्या प्रकाशकांचीही अशी साधनं आहेत, पण ती फक्त स्वतःच्या घरची जर्नलं दाखवतात, हे लक्षात ठेवा.

आठ-दहा नावं जमली की प्रत्येकाच्या साइटवर 'एम्स अँड स्कोप' वाचा आणि गेल्या दोन वर्षांत तुमच्या प्रकारचा पेपर, म्हणजे तसाच स्टडी डिझाइन, तेवढाच सॅम्पल साइझ, एकाच केंद्रातला डेटा, तिथे आलाय का ते पाहा. आला नसेल तर नाव खोडा. डेस्क रिजेक्शनचं, म्हणजे रिव्ह्यूअरपर्यंत (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत) न पोहोचताच पेपर परत येण्याचं, हे अगदी नेहमीचं कारण आहे. केस रिपोर्ट तर बरीच जर्नलं आता घेतच नाहीत. पाच नावं उरली तर उत्तम. त्यांची उतरती क्रमवारी लावा आणि ती गाईडबरोबर बसून आधीच ठरवा. पहिला नकार आल्यावर निराशेच्या भरात दुसरं जर्नल शोधताना माणूस चुकीच्या दारात जातो.

इंडेक्सिंग: सगळ्यात जास्त फसवणूक इथे

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या जाहिरातींत "पबमेड, स्कोपस, यूजीसी, गुगल स्कॉलर, इंडेक्स कोपर्निकस" अशी लांबलचक माळ असते. इंडेक्सिंग म्हणजे जर्नलची नोंद अशा एखाद्या सूचीत असणं. ही माळ सोडवून पाहू.

गुगल स्कॉलर हे सर्च इंजिन आहे. ते जर्नल निवडत नाही, जे सापडेल ते दाखवतं. आयएसएसएन हा आठ अंकांचा ओळखक्रमांक आहे. गाडीची नंबर प्लेट जशी गाडी चांगली की वाईट ते सांगत नाही, तसंच हे. डीओआय पेपरचा कायमचा पत्ता देतो, दर्जा नाही. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी तर यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तरीही 'यूजीसी अप्रूव्हड' हा शिक्का अजून मिरवला जातो. तो दिसला की सावध व्हा.

पबमेडचं प्रकरण जरा बारकाईने समजून घ्यायला हवं, कारण इथे अनुभवी प्राध्यापकही गफलत करतात. पबमेड ही शोधायची खिडकी. तिच्या मागे प्रामुख्याने दोन कोठारं आहेत. एक मेडलाइन: अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची (एनएलएम) तज्ज्ञ समिती पाहून यात जर्नल घेते. दुसरं पबमेड सेंट्रल, म्हणजे पीएमसी: २००० मध्ये सुरू झालेलं पूर्ण मजकुराचं मोफत कोठार. जर्नल पीएमसीत असलं तरी मेडलाइनमध्ये असेलच असं नाही. आणि खरी मेख पुढे आहे. अमेरिकी सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचा पेपर लेखकाला पीएमसीत ठेवावाच लागतो, मग तो कुठल्याही जर्नलमध्ये आलेला असो. त्यामुळे एखाद्या सुमार जर्नलचे चार-दोन पेपर पबमेडवर दिसतात आणि प्रकाशक त्याच लिंक दाखवून "आम्ही पबमेड इंडेक्स्ड" म्हणतो. एक पेपर सापडला म्हणजे जर्नल आत आहे, असं कधीही धरू नका.

तपासायची पद्धत अशी. एनएलएम कॅटलॉग उघडा, जर्नलचं नाव नव्हे तर आयएसएसएन टाका. नावं सारखी असतात, नंबर सारखा नसतो. जर्नलच्या नोंदीत इंडेक्सिंगच्या सद्यःस्थितीची ओळ असते. तिथे 'करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन' असेल तर प्रश्न मिटला. 'नॉट करंटली' असेल तर त्याच नोंदीत पीएमसीचा उल्लेख आहे का पाहा आणि पीएमसीच्या जर्नल यादीत जाऊन पडताळा. संपूर्ण अंक जमा होतात की निवडक पेपर, हे तिथे कळतं.

स्कोपस या पेपरसूचीत तपासायला वर्गणीची गरज नाही. त्याचं 'सोर्सेस' पान सर्वांना खुलं आहे. आयएसएसएन टाकला की कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नोंद होते ते दिसतं. 'कव्हरेज डिस्कंटिन्यूड' असे शब्द दिसले तर जर्नल बाहेर काढलेलं आहे. वेबसाइटवरचा स्कोपसचा लोगो मात्र बहुधा तसाच चकाकत असतो. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या सूचीसाठी, ती चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची मास्टर जर्नल लिस्ट पाहा. ओपन ॲक्सेस जर्नलसाठी डीओएजे ही त्यांची खास सूची. त्यांच्याकडे कोणती जर्नलं नव्याने घेतली आणि कोणती काढली याची उघड यादीही असते, ती जरूर चाळा.

इंडेक्सिंग ही कायमची सनद नसते. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने वेब ऑफ सायन्समधून काही डझन जर्नलं एकदम काढली, त्यांत सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातलं एक प्रचंड मोठं, प्रतिष्ठित समजलं जाणारं जर्नलही होतं. त्याच वर्षी हिंदावी या प्रकाशनाने ८,००० हून जास्त पेपर मागे घेतले. मुख्यतः 'स्पेशल इश्यू'मधले, जिथे पाहुण्या संपादकांच्या आडून बनावट पेपरांचे कारखाने शिरले होते. वर्षाअखेरीस मूळ कंपनी वायलीने ते नावच बंद करायचं ठरवलं. म्हणून स्पेशल इश्यूचं निमंत्रण आलं की पाहुणा संपादक कोण, त्याचं या विषयातलं काम काय, आणि त्या जर्नलमध्ये वर्षाला असे किती स्पेशल इश्यू निघतात, ते बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका. इंडेक्सिंगची तपासणी तीनदा करा: यादी बनवताना, सबमिट करायच्या दिवशी आणि पेपर प्रसिद्ध झाल्यावर. तिन्ही वेळा तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा. प्रमोशनच्या वेळी पेपर निघाला तेव्हा जर्नल यादीत होतं की नाही, हाच वाद होतो आणि तेव्हा हा स्क्रीनशॉटच कामाला येतो.

प्रमोशनचा विषय निघालाच आहे तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२२ च्या शिक्षक पात्रता नियमावलीविषयी. त्यात मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस आणि डीओएजे यांतली जर्नलं मान्य केली होती. मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सीरिज धरले जात होते. लेखक पहिल्या तिघांत किंवा करस्पॉन्डिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा) असावा अशी अट होती. त्या मजकुरात 'एक्स्पांडेड एम्बेस' असं लिहिलेलं दिसतं. अशा नावाचं काही शोधत बसू नका. 'सायन्स सायटेशन इंडेक्स एक्स्पांडेड' आणि 'एम्बेस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ मध्ये शिक्षकांच्या पात्रतेची नवी नियमावली आली आहे, तेव्हा अर्ज करताना ताजी प्रत कमिशनच्या साइटवरून उतरवून तीच वाचा, कुणी पुढे पाठवलेली पीडीएफ नव्हे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आयुर्वेद, दंत, होमिओपॅथी, नर्सिंग असे सगळेच येतात, पण त्यांच्या परिषदा आणि निकष वेगवेगळे. मेडिकलच्या मित्राचा सल्ला पंचवटीतल्या आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने जसाच्या तसा उचलू नये.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात: हा शब्द फक्त क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधल्या आकड्यासाठी खरा. तो दोन वर्षांच्या पेपरांवर काढतात. स्कोपसचा साइटस्कोर चार वर्षांवर. त्यामुळे दोन्ही आकड्यांची तुलना करायची नाही. नावापुढे 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' असलं विशेषण लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे विकत मिळणारा आकडा समजा.

जर्नल खरं आहे का, अर्ध्या तासात

इंडेक्सिंग जुळलं तरी साइट खरी असेलच असं नाही. चांगल्या जर्नलचं नाव, आयएसएसएन आणि संपादक मंडळ उचलून हुबेहूब नकली साइट उभारतात. म्हणून जर्नलच्या साइटवर गुगलवरून किंवा ईमेलमधल्या लिंकवरून जाऊ नका. आयएसएसएन पोर्टल किंवा एनएलएम कॅटलॉगच्या नोंदीत दिलेल्या पत्त्यावरून जा. नकली साइटांची यादी रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या साइटकडे आहे, तीही पाहा.

मग संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या संस्थेच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. शंका असेल तर त्यांनाच दोन ओळींची ईमेल टाका. आपलं नाव न विचारता लावलंय हे कळून चकित झालेले प्राध्यापक काही कमी नाहीत.

एका पेपरचा डीओआय कॉपी करून डीओआयच्या साइटवर टाका. तो उघडलाच नाही, किंवा भलतंच काही उघडलं, तर पुढे जायची गरज नाही. ऑफिस लंडनला सांगतात आणि फी कुणाच्या तरी वैयक्तिक बचत खात्यात किंवा यूपीआयवर मागतात, तिथेही थांबा.

वेगाचा हिशेब स्वतः करा. ताज्या दोन अंकांतले दहा मूळ संशोधनाचे पेपर घ्या. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'रिसीव्हड', 'ॲक्सेप्टेड' आणि 'पब्लिश्ड' अशा तारखा असतात. प्रत्येकाचे दिवस मोजा, चढत्या क्रमाने लावा, मधला आकडा धरा. तीन-चार महिन्यांपासून वर्षापर्यंत काहीही निघू शकतं आणि त्यात वावगं नाही. पण मधला आकडा पाच दिवस निघाला, तर रिव्ह्यू झालेलाच नाही. दोन रिव्ह्यूअरांनी वाचायचं, लेखकाने दुरुस्त करायचं आणि संपादकाने निर्णय द्यायचा, हे पाच दिवसांत होत नाही. तारखाच छापत नसतील तर तेही उत्तरच आहे. परीक्षेचा फॉर्म भरायला तीन आठवडे उरलेत आणि पेपर हवाय, अशा अवस्थेतच माणूस '७२ तासांत पब्लिकेशन'ला बळी पडतो. त्यावर उपाय एकच, थीसिसचा डेटा गोळा होत असतानाच पेपरची पहिली तीन पानं लिहायला घेणं.

पैसे

ऑनलाइन म्हणजे पैसे भरावेच लागतात, हा समज चुकीचा आहे. तीन प्रकार ओळखा. पहिल्यात लेखक फी भरतो आणि पेपर सर्वांना मोफत वाचता येतो. या फीला एपीसी म्हणतात. दुसऱ्यात, ज्याला हायब्रिड म्हणतात, पेपर स्वीकारल्यावर एक फॉर्म येतो आणि त्यात ओपन ॲक्सेस की वर्गणीचा मार्ग असं विचारतात. वर्गणीचा मार्ग निवडला तर बहुतेक ठिकाणी लेखकाला काही भरावं लागत नाही. घाईत चुकीच्या चौकटीत टिक केली की दोन-तीन हजार डॉलरचं बिल येतं. तिसऱ्या प्रकारात लेखक आणि वाचक दोघांनाही मोफत. खर्च एखादी संस्था किंवा सोसायटी उचलते. मुंबईहून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे त्याचं जवळचं उदाहरण. डीओएजेमध्ये 'फी नाही' असा गाळणा लावून शोधता येतं, तिथून सुरुवात करा.

फी भरायचीच असेल तर पूर्ण आकडा काढा. समजा एपीसी ३०० डॉलर, डॉलरचा भाव ८८ रुपये. झाले २६,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर ४,७५२ वाढले, ३१,१५२ झाले. कार्डाने परकीय चलनात भरताना बँक साडेतीन टक्के घेत असेल तर आणखी सुमारे १,०९०. म्हणजे ३२ हजारांच्या पुढे. सबमिट करण्याआधी संपादकीय कार्यालयाला लेखी विचारा: करासह एकूण किती, सबमिशनची वेगळी फी आहे का, रंगीत चित्रांचे पैसे आहेत का, पेपर मागे घेतल्यास काही लागतं का. गरीब देशांतल्या लेखकांना जी सवलत असते, तिच्या यादीत भारत बहुतेक प्रकाशकांकडे नसतो, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. वैयक्तिक अडचणीवरून सूट मागता येते, पण ती सबमिट करतानाच मागायची. स्वीकृती आल्यावर मागितली तर सहसा मिळत नाही.

पैशाचा प्रश्न पुन्हा वाचकापाशी येतो. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं केंद्र आणि राज्य सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या वाचकाला वर्गणीच्या भिंतीमागचा पेपरही आता वाचता येतो. पण सुरगाण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरला किंवा कॉलेज रोडवर प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला तो वाचता येत नाही. पेठ-सुरगाण्यातल्या सिकल सेलच्या रुग्णांवरचं काम तिथल्याच डॉक्टरला बंद राहावं, हे आम्हाला मनापासून खटकतं. अशा पेपरासाठी फी नसलेलं ओपन ॲक्सेस जर्नल आधी पाहा. तसं मिळालं नाही आणि वर्गणीचं जर्नल घ्यावं लागलं, तर 'ओपन पॉलिसी फाइंडर'वर (आधीचं 'शेर्पा रोमिओ') त्या जर्नलचं धोरण बघा: रिव्ह्यूनंतर स्वीकारलेला, पण प्रकाशकाने मांडणी न केलेला मसुदा किती महिन्यांनी संस्थेच्या संग्रहात ठेवता येतो, ते तिथे लिहिलेलं असतं. तो मसुदा वेळेवर ठेवा.

रुग्णाचा फोटो आणि कायमचं इंटरनेट

छापील अंक रॅकवर धूळ खात पडायचा. ऑनलाइन पेपरातला फोटो गुगलच्या चित्रशोधात येतो, कुणीही तो फोनवर उतरवतो, पुढे पाठवतो. म्हणून वॉर्डातला नेहमीचा संमतीपत्राचा कागद इथे पुरत नाही. उपचाराची संमती वेगळी, अभ्यासात भाग घेण्याची वेगळी आणि प्रकाशनाची वेगळी. प्रकाशनाच्या संमतीत साध्या मराठीत तीन गोष्टी हव्यात: हा मजकूर आणि फोटो इंटरनेटवर जगात कुणालाही दिसेल; नाव नसलं तरी ओळखीचा माणूस ओळखू शकेल; आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर तो पूर्णपणे काढून घेता येणार नाही, छापण्याआधी मात्र नाही म्हणता येईल. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागातला रुग्ण कोकणा बोलणारा असेल, तर ती बोली येणाऱ्याने समजावून सांगावं आणि तशी नोंद कागदावर असावी.

डोळ्यांवर काळी पट्टी मारली की काम झालं, ही जुनी समजूत आहे. चेहरा तरीही ओळखू येतो आणि आज जर्नलं ती पट्टी मान्य करत नाहीत. गरज नसेल तर चेहरा कापून टाका. एक्स-रे, सीटीच्या प्रतिमेच्या कोपऱ्यातलं नाव आणि नंबर खोडताना वरून काळा चौकोन ठेवू नका. काही फाइलींत तो चौकोन बाजूला सरकवता येतो आणि नाव खाली तसंच असतं. चित्र कापून नव्या फाइलमध्ये साठवा. मजकुरातही जपा. "सुरगाणा तालुक्यातल्या अमुक पाड्यावरची ३४ वर्षांची, जुळ्यांची आई" एवढ्या वर्णनावरून दुर्मीळ आजाराची बाई तिच्या गावात लगेच ओळखू येते. "तिशीतली ग्रामीण भागातली स्त्री" पुरतं. निवडलेल्या जर्नलचा स्वतःचा संमतीचा नमुना असेल तर तोच आधी भरून घ्या. रुग्ण घरी गेल्यावर सहीसाठी शोधत फिरणं जिकिरीचं होतं, आणि सहीअभावी चांगली केस वाया जाते.

सबमिट करण्याआधी दार बंद करणाऱ्या गोष्टी

क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या भारताच्या ट्रायल नोंदवहीतली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम पाळणारी जर्नलं पेपर घेत नाहीत आणि निवडीला फार थोडं उरतं. जर्नलवाले हा नंबर आता ऑनलाइन तपासतात. नोंदणीतलं प्रायमरी आउटकम, म्हणजे अभ्यासात मुख्यतः काय मोजायचं ते, आणि पेपरातलं जुळलं नाही तरी प्रश्न येतो.

स्टडी डिझाइनप्रमाणे चेकलिस्ट भरा: निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा, ट्रायलला कॉन्सॉर्ट, केस रिपोर्टला केअर. ती पान क्रमांकांसह जोडायची असते.

साम्य तपासणीचा आकडा हाही ऑनलाइन प्रकाशनाचा भाग. थीसिस कुठल्या संग्रहात ऑनलाइन असेल तर सॉफ्टवेअर तुमचाच मजकूर तुमच्यावर उलटवतं. कव्हर लेटरमध्ये 'हा पेपर अमुक थीसिसवर आधारित आहे' असं स्पष्ट लिहा आणि मेथड्स सोडून बाकी भाग नव्याने लिहा. एआयची मदत घेतली असेल तर ती सांगा. त्याला लेखक म्हणून लावता येत नाही.

प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीचा मसुदा, ऑनलाइन टाकायचा विचार असेल तर आधी पहिल्या दोन पसंतीच्या जर्नलचं धोरण पाहा. मेडआरकाइव्ह ही प्रीप्रिंटची साइट केस रिपोर्ट घेत नाही.

एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. दोन ठिकाणी एकदम पाठवलं आणि एकच रिव्ह्यूअर दोन्हीकडे निघाला, तर दोन्हीकडून पेपर जातो आणि नाव खराब होतं.

चुकीच्या ठिकाणी पाठवून बसलात तर

पेपर अजून प्रसिद्ध नसेल तर तासाभरात मागे घेत असल्याची ईमेल करा. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका, पैसे भरू नका. "मागे घेण्याची फी" मागतील, धमकीच्या ईमेल येतील. उत्तर एकदाच द्या आणि सगळा पत्रव्यवहार पीडीएफ करून ठेवा. मग पुढच्या जर्नलच्या संपादकाला कव्हर लेटरमध्ये घडलेलं सरळ सांगा आणि ती ईमेल जोडा. लपवलं आणि तिकडे पेपर छापून आला, तर दुबार प्रकाशनाचा ठपका तुमच्यावर येतो. पेपर प्रसिद्धच झाला असेल तर तोच डेटा तसाच दुसरीकडे देता येणार नाही. त्यात पुढची भर घालून, जुन्याचा उल्लेख करून नवा अभ्यास उभा करणं एवढंच हातात राहतं.

पेपर लागल्यावर

जर्नल बंद पडू शकतं, साइटही नाहीशी होते. २००० ते २०१९ या काळात १७४ ओपन ॲक्सेस जर्नलं इंटरनेटवरून गायब झाल्याचं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. आयएसएसएन पोर्टलवर जर्नलच्या नोंदीत त्याच्या प्रती पोर्टिको, क्लॉक्स अशा दीर्घकालीन कोठारांत जमा होतात का ते दिसतं. तरीही स्वीकृतीपत्र, अंतिम पीडीएफ आणि रिव्ह्यूअरांच्या शेऱ्यांची फाइल स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा.

प्रूफ आलं की मजकुराच्या आधी नावं आणि पत्ते वाचा. नाव एकाच पद्धतीने लिहायचं: वडिलांचं किंवा पतीचं नाव मध्ये असेल तर प्रत्येक पेपरात असावं, नसेल तर कुठेच नको. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी ओळखक्रमांकच दोन्ही नावं जोडून ठेवतो. तो सबमिट करताना भरा, नंतर नव्हे. नाशिकचं रोमन स्पेलिंग 'एस'नंतर 'एच' घालून आणि न घालता, असं दोन्ही तऱ्हांनी लिहिलं जातं आणि त्याने एकाच कॉलेजचे पेपर डेटाबेसमध्ये दोन ठिकाणी विखुरतात. कॉलेजच्या लेटरहेडवर जे असेल तेच सगळ्या लेखकांनी वापरायचं. पत्त्यात आधी काम जिथे झालं त्या कॉलेजचं आणि विभागाचं पूर्ण नाव, मग नाशिक. पदवी देणारं विद्यापीठ म्हसरूळला असलं तरी कॉलेजच्या जागी त्याचं नाव टाकायचं नाही. प्रूफ परत करायला बहुधा ४८ तासच मिळतात, आणि त्यानंतर चूक सुधारायची तर स्वतंत्र दुरुस्तीपत्र छापावं लागतं.